द्रव्यसंग्रह आणि द्रव्यरक्षण : संवर्धन-जीवशास्त्राची वैद्यांना ओळख

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोध्वंसाचा आहे. कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या तीरावर शिष्यांसह फिरत असता भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, ऋतू, वायू व दिशा यांची विकृत लक्षणे दिसू लागली आहेत, भूमी आता औषधींना पूर्ववत रस, वीर्य, विपाक व प्रभाव देणार नाही. तेव्हा तसे होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा. आपण सर्वांनी हा अध्याय पदवीच्या अभ्यासक्रमात वाचला आहे आणि बहुतेकांनी तो परीक्षेपुरता वायू, उदक, देश, काल या चार शब्दांत लक्षात ठेवला आहे.

या उपदेशातील एका गृहीताकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष फार उशिरा गेले. उपदेश संग्रहाचा आहे. संकट ऋतुविपर्ययाचे आहे, भूमीचे आहे. संग्रह करणाऱ्या हातांचे नाही. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात द्रव्य कोणत्या भूमीतील असावे, कोणत्या ऋतूत काढावे, मूळ केव्हा, त्वचा केव्हा, पत्र केव्हा, हे सर्व सूक्ष्मपणे सांगितले आहे. अरण्यात किती शिल्लक ठेवावे याचे मान मात्र तेथे नाही. हा दोष संहिताकारांचा नव्हे. वैद्य स्वतः अथवा गोपाल-तापसांच्या साहाय्याने रुग्णापुरते द्रव्य आणीत होता, तेव्हा तो प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. आज तो प्रश्न उद्भवला आहे, आणि त्याचे उत्तर शोधणारे एक स्वतंत्र शास्त्र गेल्या पन्नास वर्षांत उभे राहिले आहे. त्यास संवर्धन-जीवशास्त्र म्हणतात.

शास्त्राचा जन्म

१८७२ हे वर्ष पनवेलकर वैद्यांच्या परिचयाचे आहे. कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वर औषधी कारखान्याचा पाया याच वर्षी पनवेलीत घातला. त्याच वर्षी अमेरिकेत यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु काष्ठौषधींची पोत्यांनी खरेदी आणि अरण्याचा तुकडा राखून ठेवण्याची कल्पना या दोन गोष्टी साधारण एकाच काळात आल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढील शंभर वर्षे निसर्गरक्षण म्हणजे प्रामुख्याने जागा राखणे, शिकार थांबवणे आणि पहारा बसवणे असे होते. मुंबईची नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला, व्याघ्रप्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला. हे सर्व आवश्यकच होते. परंतु राखलेल्या जागेत नेमके किती जीव राहिले म्हणजे ते टिकतील, एखादी वनस्पती शंभर वर्षांनी तेथे असेल किंवा नाही, हे सांगण्याचे साधन त्या काळी नव्हते. १९७८ मध्ये मायकेल सूले या जीवशास्त्रज्ञाने अमेरिकेतील सॅन दिएगो येथे या विषयावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. १९८५ मध्ये या शास्त्राची संस्था स्थापन झाली आणि १९८७ मध्ये तिचे नियतकालिक निघाले. १९८५ च्याच एका लेखात सूले यांनी या शास्त्राचे जे वर्णन केले ते आपल्याला जवळचे वाटावे असे आहे. शस्त्रकर्माचे शरीरक्रियाविज्ञानाशी जे नाते, तेच या शास्त्राचे जीवशास्त्राशी, असा त्यांचा आशय होता. येथे सर्व माहिती हाती येईपर्यंत थांबता येत नाही. रोगी समोर असतो. थोडक्यात, ही आत्ययिक चिकित्सा आहे.

मात्र ती अंदाजाने करावयाची नाही. या शास्त्राने निसर्गप्रेमात गणिताची भर घातली, आणि तीच त्याची खरी देणगी होय.

कर्नाळ्याचे बेट

पनवेलहून पेणकडे निघाले की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. १९६८ मध्ये येथे पक्षी अभयारण्य घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरच्या आतच होते. २००३ मध्ये ते वाढवून सुमारे बारा चौरस किलोमीटर करण्यात आले. मुंबई-गोवा महामार्ग या अरण्यातूनच जातो. पायथ्याशी ऐन, किंजळ, सावर, पांगारा, बेहडा, कुडा, मुरुडशेंग ही आपल्या ओळखीची मंडळी भेटतात. माझ्या विद्यार्थिदशेत द्रव्यगुणाच्या सहलीला आम्ही येथेच येत असू.

रॉबर्ट मॅकआर्थर व एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये समुद्रातील बेटांवरील जीवजातींविषयी एक सिद्धान्त मांडला. बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितक्या त्यावर टिकणाऱ्या जाती कमी. नवीन जाती येत राहतात, असलेल्या काही नष्ट होत राहतात आणि या येण्याजाण्याचा मेळ बसून संख्या ठरते. पुढे विल्सन व डॅनियल सिंबरलॉफ यांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील खारफुटीच्या चिमुकल्या बेटांवरील सर्व कीटक धुरी देऊन मारले आणि ते परत कसे येतात याची मोजणी केली. वर्षभरात बहुतेक बेटांवर पूर्वीइतक्याच संख्येने जाती परतल्या. मात्र त्या सर्व त्याच जाती नव्हत्या.

हा सिद्धान्त अरण्यांना लागू करण्यास वेळ लागला नाही. चारी बाजूंनी शेती, वसाहत आणि रस्ते आले की अरण्याचेही बेट होते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी कर्नाळा, माणिकगड, प्रबळगड आणि माथेरान यांच्यामध्ये हिरवे पट्टे होते. आता कर्नाळ्याच्या आजूबाजूस गृहसंकुले आहेत. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडीच कापली गेली. पक्षी उडून जातो, वारा बी नेतो. परंतु जड बियांच्या वृक्षाला महामार्ग ओलांडण्यासाठी कोणीतरी वाहक लागतो.

लहान समूहाचे गणितही याच काळात मांडले गेले. १९८० मध्ये इयान फ्रँकलिन यांनी असा आडाखा दिला की, जवळच्या नात्यातील संकराचे दुष्परिणाम टाळण्यास प्रजननक्षम अशा किमान ५० व्यक्ती लागतात आणि बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता दीर्घकाळ टिकवण्यास ५००. पुढे या संख्यांवर पुष्कळ वाद झाला आणि त्या अपुऱ्या असल्याचे अनेकांनी दाखवले. परंतु मूळ मुद्दा अबाधित राहिला. एखाद्या डोंगरावर टेटूची बारा झाडे उरली असतील, तर टेटू तेथे ‘आहे’ असे आपल्या डोळ्यांना दिसते. गणिताच्या दृष्टीने तो तेथून निघून जाण्याच्या वाटेवर असतो. सगोत्र विवाह का टाळावा हे वैद्याला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. वृक्षांनाही तोच नियम लागू आहे, इतकेच.

जुन्या नोंदींचे मोल येथे कळते. जॉन ग्रॅहॅम या वनस्पतिप्रेमी इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई व आसपासच्या वनस्पतींची सूची केली. ती पूर्ण होण्यापूर्वीच १८३९ मध्ये खंडाळ्यास त्याचा मृत्यू झाला आणि उरलेले काम जोसेफ निम्मो याने पूर्ण केले. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुरा झाला. डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधिसंग्रह’ १९२७ चा. या ग्रंथांत ‘सर्वत्र आढळते’ असे लिहिलेल्या कित्येक वनस्पती आज आपण शोधत फिरतो. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एक मार्मिक निरीक्षण नोंदवले : प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहिले तेच मूळचे प्रमाण मानते, त्यामुळे घट पिढीगणिक नजरेआड होते. आमच्या सहलीच्या वेळचे कर्नाळा हे मी ‘पूर्वीचे’ म्हणून सांगतो. आमच्या गुरुजींना ते तेव्हाच उजाड वाटत असे.

अशी घट नोंदवलेले आपल्याकडील जुने उदाहरण भावप्रकाशातील अष्टवर्गाचे म्हणता येईल. जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धी, वृद्धी ही द्रव्ये राजांनाही दुर्लभ झाली आहेत असे भावमिश्राने सोळाव्या शतकातच लिहून ठेवले आणि त्यांच्या जागी शतावरी, विदारीकंद, अश्वगंधा, वाराहीकंद हे प्रतिनिधी दिले. आपण प्रतिनिधी द्रव्यांची कोष्टके पाठ केली. दुर्लभतेचे कारण कोणी विचारले नाही.

नरक्या

ज्या वनस्पतीने सह्याद्रीतील या शास्त्राची निकड सर्वांत ठळकपणे दाखवली, ती आपल्या नित्याच्या कल्पांत नाही. नरक्या हा कोकण व घाटमाथ्यावरील सदाहरित अरण्यात वाढणारा लहान वृक्ष. फुलांना दुर्गंध, म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. त्यातील निम्मो तोच, ग्रॅहॅमची सूची पूर्ण करणारा.

मूळचे नंदुरबारचे, मुंबईत शिकून अमेरिकेस गेलेले डॉ. मनसुख वाणी व त्यांचे सहकारी मनरो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात, आणि तेही चांगल्या प्रमाणात, आढळले. काही काळ ही गोष्ट शोधनिबंधांतच राहिली. १९९६ मध्ये कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेल्या टोपोटेकान व इरिनोटेकान या दोन कर्करोगविरोधी औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली आणि नरक्याचे दिवस फिरले. घाटांतून झाडे बुंध्यापासून तोडून, ढलप्या करून, पोत्यांत भरून पाठवली जाऊ लागली. डोंगरावर तोडणाऱ्यास दिवसाची मजुरी मिळाली, मधल्यास किलोमागे काही रुपये आणि अंतिम औषधाची किंमत आपण जाणतोच.

येथे संवर्धन-जीवशास्त्राने नेमके काय केले, ते पाहणे उद्बोधक आहे. बेंगळुरूच्या कृषिविद्यापीठातील संशोधकांनी पश्चिम घाटातील निरनिराळ्या ठिकाणच्या नरक्यांतील द्रव्याचे प्रमाण मोजले. ते झाडागणिक व स्थानागणिक फार भिन्न निघाले. म्हणजे सर्व झाडे सरसकट तोडणे अविचाराचे होते. भरपूर द्रव्य देणारी झाडे हेरून त्यांची लागवड करणे शक्य होते. नर-मादी फुलांची विभागणी झाडागणिक निराळी असते, असेही दिसून आले. अशा वनस्पतीत दहा झाडांपैकी सहा तोडली की उरलेली चार एकमेकांस उपयोगी पडतीलच असे नाही. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी नरक्याच्या अंतर्भागात राहणाऱ्या एका बुरशीपासून कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचे प्रसिद्ध केले. बुरशीपासून मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याचा मार्ग सुकर ठरला नाही, तरी झाड न तोडता औषध मिळवण्याची दिशा त्यामुळे खुली झाली.

वॉल व वाणी यांनीच टॅक्सॉलचीही रचना उलगडली होती. १९७१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पॅसिफिक यू या सावकाश वाढणाऱ्या वृक्षाच्या सालीतून ते मिळत असे आणि सालीसाठी वृक्ष मरत असे. पुढे युरोपीय यूच्या पानांतून त्याचा पूर्वगामी घटक काढून औषध बनवण्याची रीत निघाली. पाने पुन्हा येतात. हिमालयातील त्याच कुळातील वृक्ष काही प्रदेशांत तालीसपत्र म्हणून वापरला जातो. तोही नव्वदच्या दशकात ओरबाडला गेला आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित करावा लागला. आपल्या तालीसादि चूर्णात नेमके कोणते तालीसपत्र पडते, याची चौकशी किती जणांनी केली आहे?

कोणते अंग काढले?

द्रव्यगुणात आपण प्रयोज्यांग शिकतो. संवर्धन-जीवशास्त्र त्याच प्रयोज्यांगाकडे निराळ्या दृष्टीने पाहते : ते अंग काढल्यावर वनस्पती जगते का?

वनस्पतींच्या समूहाचा अभ्यास करताना संशोधक रोपे, वाढती झाडे व फळणारे वृक्ष अशी वयानुसार गणना करतात. दरवर्षी यांपैकी किती मरतात, किती पुढील अवस्थेत जातात हे नोंदवतात. आणि या आकड्यांवरून समूह वाढतो आहे की घटतो आहे याचे गणित करतात. अशा अभ्यासांतून वारंवार एकच गोष्ट पुढे आली आहे. दीर्घायुषी वृक्षांचे भवितव्य बियांच्या संख्येपेक्षा फळणाऱ्या वृक्षांच्या जगण्यावर अधिक अवलंबून असते. शेकडो बियांपैकी एखादी रुजते. तेव्हा फळांचा बराच भाग काढला तरी वृक्ष तग धरतो. परंतु एक परिपक्व वृक्ष मेला तर त्याची जागा भरण्यास वीस-तीस वर्षे लागतात. टॅमरा टिक्टिन यांनी २००४ मध्ये अरण्यातील गौण उपजांच्या काढणीवरील जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातही कोणते अंग काढले जाते यावर परिणाम मोठ्या प्रमाणात अवलंबून असल्याचे दिसते.

हे मान आपल्या दुकानातील पोत्यांना लावून पाहावे. गुळवेलीचे कांड छाटले तरी वेल पुन्हा फुटते, कांडीपासून लागते. करोनाच्या काळात गुळवेलीची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत मोठ्या कारखान्यांना गुळवेल पुरवली. द्रव्य असे असले की हे साधते. आवळा, बेहडा, हिरडा यांची फळे. अडुळशाचा पाला. ही एक बाजू. दुसऱ्या बाजूस अशोकाची साल, अर्जुनाची साल, सप्तरंगीचे मूळ आणि दशमुळातील बृहत् पंचमूळ. साल बुंध्याभोवती पूर्ण वेढ्याने काढली की वृक्ष वाळतो. एका बाजूने उभी पट्टी काढून दुसरी बाजू राखली तर जखम भरून येण्यास वाव असतो. मूळ काढले की झाड गेलेच.

फळांच्या बाबतीतही सर्व सुखरूप आहे असे नाही. भीमाशंकरच्या आसपास आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडी बाळहिरडा वेचतात. बाळहिरडा म्हणजे बी धरण्यापूर्वीचे कोवळे फळ. वर्षानुवर्षे एकाच झाडाचा सगळा हिरडा कोवळेपणीच उतरवला तर त्या झाडाखाली रोप दिसणार कोठून? सुरवारी हिरड्यासाठी काही झाडे राखून ठेवली तर वैद्याला पक्व फळ मिळते आणि अरण्याला बी. याच भागात पुण्याच्या एका संशोधन संस्थेने ग्रामस्थांसह हिरडा-बेहड्याच्या काढणीचे नियम ठरवले, झाडांची मोजणी केली आणि फेअरवाइल्ड हे वन्य द्रव्यांच्या न्याय्य व टिकाऊ काढणीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवले. परदेशी ग्राहक अशा फळांना अधिक भाव देतो. उत्तर सह्याद्रीत बेहड्याच्या जुन्या वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो आणि धनेश हा अरण्यातील फळझाडांच्या बिया दूरवर नेणारा वाहक. बेहड्याला लाकूड म्हणून मोल थोडे. फळाला मोल आले म्हणून तो उभा राहिला आणि त्यासोबत धनेशाची ढोलीही.

टेटूचेही असेच. त्याची फुले रात्री उमलतात आणि त्यांचे परागीभवन वटवाघळे करतात. गुहेतील वटवाघळांना हुसकावले तर श्योनाकाला शेंग कमी येईल आणि ते दशमूलारिष्टापर्यंत पोहोचेल. निदान करताना आपण स्रोतसांचा असाच माग काढतो.

बृहत् पंचमुळातील वृक्षांच्या मुळाऐवजी खोडाची साल अथवा लहान फांद्या घ्याव्यात काय, यावर गेली काही वर्षे चर्चा व प्रयोग सुरू आहेत आणि काही औषधिनिर्माते खोडाची साल वापरतातही. शास्त्रनिष्ठ वैद्यांचा याला आक्षेप आहे. त्या आक्षेपाबद्दल मला आदर आहे. परंतु बाजारातून येणाऱ्या ‘मुळांच्या’ पोत्यात कोणत्या झाडाचे काय असते, हे ज्याने एकदा निवडून पाहिले आहे, त्याने मूळ की साल हा वाद थोडा कमी त्वेषाने घालावा असे वाटते.

देवराई आणि राखीव क्षेत्रे

सत्तरच्या दशकाच्या आरंभी डॉ. माधव गाडगीळ आणि पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक महाराष्ट्रातील देवराया पाहत फिरत होते. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावाच्या लोकांना हे कळले आणि त्यांनी या दोघांना कळवले की, आमच्या देवराईतील झाडे तोडण्यासाठी खुणा झाल्या आहेत, ती वाचवावी. आमच्या गावाचा झरा या राईतून येतो, हे त्यांचे म्हणणे. त्या काळी आपला रायगड जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात होता. गाडगीळ-वर्तक यांनी पुढे या विषयावर लिहिलेल्या निबंधांमुळे देवराई हा केवळ श्रद्धेचा विषय न राहता शास्त्राचाही झाला. आसमंतातून नाहीशा झालेल्या गारंबीसारख्या महावेली देवराईत टिकून होत्या आणि जनावरांच्या औषधासाठी लोक दूरवरून तेथे येत, असे त्यांच्या पाहणीत आढळले. म्हणजे ज्याला आज जीनकोश म्हणतात, तो गावकऱ्यांनी राखला होता.

औषधी वनस्पतींसाठी असा प्रयत्न जाणीवपूर्वक झाला तो नव्वदच्या दशकात. १९८८ मध्ये थायलंडमधील चिआंग माई येथे झालेल्या परिषदेने औषधी वनस्पतींच्या रक्षणाची हाक दिली. १९९३ मध्ये बेंगळुरूस स्थानिक आरोग्य परंपरांच्या पुनरुज्जीवनासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याच्या पुढाकाराने वनविभागांच्या साहाय्याने दक्षिणेकडील राज्यांत आणि पुढे महाराष्ट्रातही औषधी वनस्पती संवर्धन क्षेत्रे निवडण्यात आली. लहानशा क्षेत्रात, मूळच्या अधिवासात, त्या त्या वनस्पतीचे निरनिराळे समूह राखावयाचे ही त्यामागील कल्पना. बागेत लावलेली दहा झाडे आणि डोंगरावरील शंभर झाडे यांत फरक आहे. बागेतील दहा झाडे बहुधा एकाच झाडाच्या बियांची असतात.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० मध्ये स्थापन झाले. त्याच्यासाठी झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात व्यापारात असलेल्या औषधी वनस्पतींच्या जाती ११७८. त्यांपैकी वर्षाला १०० टनांहून अधिक खप असलेल्या २४२. आणि या २४२ पैकी १७३ प्रामुख्याने वन्य स्रोतांतून येतात. २०१४-१५ मधील एकूण वापर ५ लाख १२ हजार टन असल्याचा अंदाज आहे.

कायद्याविषयी थोडक्यात. जैवविविधता कायदा २००२ चा. वन्य द्रव्याचा व्यापारी उपयोग करणाऱ्या भारतीय कारखान्यांनीही लाभाचा वाटा द्यावा, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका आयुर्वेदीय औषधनिर्मात्याच्या प्रकरणात दिला. २०२३ च्या दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्य, संहिताबद्ध ज्ञान आणि लागवडीची द्रव्ये यांना बरीच सूट मिळाली. आपल्या व्यवसायातील पुष्कळांनी सुटकेचा श्वास सोडला. सूट लाभाच्या वाट्यातून मिळाली. पोत्यात काय आहे आणि ते कोठून आले, या प्रश्नातून नव्हे.

खरेदीची वही

आता स्वतःविषयी. आमच्या लहान रसशाळेत १९९१ पासून खरेदीच्या वह्या आहेत. त्या हिशेबासाठी ठेवल्या होत्या. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात काम थोडे होते म्हणून त्या काढून अशोकत्वचेची नोंद वर्षागणिक मांडली. भाव हळूहळू वाढत गेला, पण टंचाईने वाढावा तितका नाही. आणि पुरवठा कधीच खंडित झालेला नाही. प्रथम समाधान वाटले. मग लक्षात आले की, सराका असोका ही जाती आंतरराष्ट्रीय लाल यादीत संकटग्रस्त गटात आहे, ओहोळाकाठच्या सावलीत वाढणारे तिचे मूळ अधिवास आक्रसत आहेत, आणि आमच्या वहीत मात्र दरवर्षी मुबलक साल. हे दोन्ही खरे असू शकत नाही. उरलेला एक जुना नमुना आणि चालू पोत्यातील नमुना तपासणीस दिला. जुना खरा होता. नवीन नमुन्यात रस्त्याकडेला शोभेसाठी लावतात त्या उंच, सरळ, आसुपालवाच्या सालीचेच प्रमाण अधिक निघाले. किती वर्षे आमच्या रुग्णा हे घेत होत्या, ते सांगता येणार नाही. नमुना ठेवण्याची पद्धत आम्हीच मध्यंतरी सोडली होती. पुरवठादाराला दोष देणे सोपे होते. त्याला दर ठरवून देणारा मीच होतो.

बनावट द्रव्याची भेसळ हा आपण नेहमी गुणवत्तेचा प्रश्न मानतो. संवर्धन-जीवशास्त्राच्या दृष्टीने ती आणखी एक गोष्ट करते : टंचाई लपवते. भाव चढत नाही, म्हणून कोणी लागवड करीत नाही. मागणी पूर्ण होते, म्हणून कोणी मोजणी करीत नाही. वावडिंगाचेही असेच. शास्त्रोक्त एंबेलिया राइब्सच्या जागी महाराष्ट्राच्या बाजारात त्याच कुळातील दुसऱ्या जातीचे फळ इतके रुळले आहे की, नव्या पिढीच्या वैद्याला तेच वावडिंग वाटते.

या शास्त्राला आज सर्वाधिक उणीव आहे ती अशाच आकड्यांची. अरण्यातील झाडे वनविभाग आणि संशोधक मोजतात. बाजारातील पोती कोणी मोजत नाही. आपल्या संघाच्या सभासदांकडे मिळून कित्येक दशकांच्या वह्या आहेत. द्रव्य, अंग, महिना, वजन, भाव आणि कोणत्या गावच्या डोंगरावरून आले, एवढे सहा रकाने पुरेत. शेवटचा रकाना बहुधा कोरा राहील. तो कोरा आहे हेही कळले पाहिजे. सोबत प्रत्येक खेपेचा मूठभर नमुना, तारखेसह. हे काम खर्चाचे नाही.

आमच्याकडे टेटूचे मूळ आणणारे एक ठाकर गृहस्थ आहेत. माझ्या वडिलांच्या वेळेपासून त्यांचे घर आमच्याकडे द्रव्ये आणते. मूळ जाड असावे, अंगठ्याएवढे चालणार नाही, असा आमचा आग्रह असे. वहीचे प्रकरण झाल्यावर मी त्यांना प्रथमच विचारले की, टेटू कोठून आणता आणि किती झाडे उरली असतील. ते थोडे हसले.

“वैद्यबुवा, जाड मूळ मागत व्हतात तुम्हीच. जाड मूळ म्हंजी जुना झाड. जुना झाड काढला, मंग शेंग कुठली?”

त्यांनी बोटांवर मोजून सात झाडे सांगितली. त्यांच्या वाडीच्या वरच्या अंगाला चार आणि पलीकडच्या खिंडीत तीन. त्या सातांची मुळे काढावयाची नाहीत असे आम्ही ठरवले आणि त्याबद्दल त्यांची वर्षाची जी मिळकत बुडते ती शेंगांच्या मोबदल्यात द्यावयाची असे ठरले. दशमुळासाठी आता आम्ही लागवडीचा टेटू शोधतो. तो मिळतो तेव्हा घेतो आणि न मिळाल्यास त्या खेपेस दशमुळाचा काढा करीत नाही. गिऱ्हाईक नाराज होते.

टेटूच्या शेंगा पौष-माघात पिकून तडकतात. आतील बिया कागदासारख्या पातळ पंखाच्या असतात आणि वाऱ्याबरोबर दूर जातात. गेल्या हंगामात त्यांनी दोन शेंगा आणल्या. एकीतील बिया दुकानामागे पिशव्यांत पेरल्या आहेत. दुसरी शेंग दुकानात खुंटीला टांगली आहे. येणारी पोरे ती तलवार कोणाची म्हणून विचारतात.